दोन पावलं मागे उभा ताऊ

आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरची बेल एका दुपारी वाजली, आईने दार उघडलं आणि बाहेर कुणीच नव्हतं. कुणा कार्ट्याचा चावटपणा असेल म्हणून ती दार लावणार, एवढ्यात जिन्यातून आवाज आला, "नमस्कार काकू. मी इथे आहे, खाली." आईने वाकून पाहिलं. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी, एक पाय वरच्या पायरीवर, दुसरा बराच खालच्या, अशा अवस्थेत आशिष साळवे कठड्याला लटकून उभा होता. दोन वर्षांनी घरी परतला होता तो. त्याचे आईवडील त्याला आणायला स्टेशनवर गेलेले आणि तिथेच चुकामूक झालेली. घराला कुलूप, म्हणून शेजारी आमची बेल वाजवली आणि सवयीने दोन पावलं मागे सरला. आमच्या दारापुढे जेमतेम एका पावलाची जागा आहे, हे तो विसरला होता.

बेल वाजवली की दोन पावलं मागे सरायचं, ही त्याची सवय पुढे आमच्या सगळ्यांच्या थट्टेचा विषय झाली. त्याचं म्हणणं असं, की दार उघडणारा आधीच थोडा घाबरलेला असतो. त्याला समोरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, आणि 'हा आत घुसणार नाही' याची खात्री पटली पाहिजे. "आपण मागे सरलो ना यार, की समोरचा एक पाऊल पुढे येतो," असं तो सांगायचा. दिल्लीत मात्र कुणी मागे सरलं, की ती जागा लगेच दुसरा घेतो. मेट्रोच्या रांगेत, पाणीपुरीच्या गाड्यावर, आधारच्या खिडकीपाशी, सगळीकडे आशिष दोन पावलं मागे आणि त्याच्यापुढे नवी चार माणसं, हे दृश्य मी पुष्कळदा पाहिलं आहे.

साळवे कुटुंब मूळचं नगरकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. साळवेकाका माझ्या बाबांसारखेच केंद्र सरकारात, फक्त मंत्रालय वेगळं. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या घरी त्यांची दोन गोऱ्या पोरांशी गाठ पडली. ती पोरं अमेरिकेतून धर्म सांगायला आली होती आणि उन्हाने टोमॅटोसारखी लाल झाली होती. काकांनी दया येऊन त्यांना घरी जेवायला बोलावलं. पोरं येत राहिली, पिठलंभाकरी खात राहिली, आणि वर्षभरात साळवे कुटुंब त्या पोरांच्या अमेरिकी ख्रिस्ती पंथात गेलं, म्हणजे मॉर्मन झालं. नगरच्या नातेवाइकांनी थोडी आदळआपट केली, पण आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. वरच्या मजल्यावरचे बॅनर्जी दर दोन वर्षांनी गुरू बदलायचे, त्या मानाने साळवे स्थिर होते.

धक्का बसला तो फक्त माझ्या आईला, आणि तोही देवामुळे नाही. साळव्यांकडे चहा बंद झाला. या पंथात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळंच वर्ज्य. दारू-तंबाखूबद्दल आईची काही तक्रार नव्हती. "पण चहा?" ती म्हणायची, "देव कुठलाही माना बाई, पण मराठी माणसाच्या घरी जाऊन चहा नाही, म्हणजे बोलायचं तरी कसं?" साळवेकाकू बिचाऱ्या लिंबाचं सरबत करायच्या. हिवाळ्यात दिल्लीच्या थंडीत ते सरबत पिताना आईच्या चेहऱ्यावर जे भाव असायचे, ते मला अजून आठवतात. आशिष मात्र आमच्याकडे आला की आईने प्रत्येक वेळी विचारायचं, "चहा टाकू का रे थोडा?" आणि त्याने प्रत्येक वेळी हसून "नको काकू," म्हणायचं, हा दोघांचा खेळच होता.

आता बास्केटबॉलचं सांगतो. मी आणि आशिष एकाच कॉलेजात, चार वर्षांच्या कोर्सला, एकाच वर्षी लागलो. तो खेळाच्या कोट्यातून आणि मी गुणांवर, पण संघात दोघेही. त्याचा शॉट असा होता की चेंडू रिंगला न शिवता जाळीतून उतरायचा. माझं काम बाकावर बसून टाळ्या वाजवण्याचं, आणि ते मी मन लावून करायचो. आशिषमध्ये खोट एकच होती, चेंडू एकदा हातात आला की तो सोडायचा नाही. आम्ही त्याला 'चिकट्या' म्हणायचो. आमचे कोचसाहेब रोहतककडचे, बोलायला सडेतोड. ते कडेला उभे राहून ओरडायचे, "साळवे, बॉल सै, दहेज कोनी! छोड़ दे!" म्हणजे हा चेंडू आहे, हुंडा नव्हे. पण त्याच्या जोरावर कॉलेज जिंकत होतं, म्हणून ओरडण्यात फारसा राग नसायचा.

आणि पहिलं वर्ष संपताना या पठ्ठ्याने कोचसाहेबांपुढे जाऊन सांगितलं, की मी दोन वर्षं येणार नाही, मिशनवर चाललोय. कोचसाहेबांना वाटलं फौजेत भरती झाला. त्यांनी उठून पाठ थोपटली. "शाबाश! किस बॉर्डर पे?" आशिष म्हणाला, "सर, बॉर्डर नहीं. आंध्र. चर्च का काम है." कोचसाहेब खाली बसले. पगार? नाही. सुट्टी? नाही. मोबाईल, सिनेमा, पोरगी? नाही, नाही आणि नाही. "ओहदा के मिलैगा?" हुद्दा तरी कुठला, असं त्यांनी शेवटची आशा म्हणून विचारलं. आशिष म्हणाला, "एल्डर." कोचसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, एल्डर मतलब बुज़ुर्ग." त्या एकोणीस वर्षांच्या, मिशीही धड न फुटलेल्या बुजुर्गाकडे ते बराच वेळ बघत राहिले आणि मग इतके हसले की शिट्टी त्यांच्या गळ्यात नाचायला लागली. "अरै, यो तो ताऊ हो ग्या!" त्या दिवसापासून आशिष साळवे संपला आणि ताऊ सुरू झाला. हरियाणात वडिलांच्या थोरल्या भावाला ताऊ म्हणतात आणि गावातल्या कुठल्याही दाढीवाल्यालाही. घरी साळवेकाकूंनी सांगितलं, की मराठी बायबलात एल्डरला 'वडील' म्हणतात. त्यावर माझी आई काळजीने म्हणाली, "एकोणीस वर्षांचा वडील? कुणाचा गं?"

तो परत आला त्या दिवशी, काकाकाकू स्टेशनवरून येईपर्यंत, आमच्या बैठकीत बसून त्याने बाबांना सगळं सांगितलं. आंध्रात तेलुगू शिकला, सायकल हाणली. काम म्हणजे कुणी बोलावलं तर त्याच्या घरी जायचं, आणि जे चर्चला यायचे बंद झाले त्यांना भेटायचं. ही दुसरी मंडळी टाय दिसला की पंखा बंद करून घरात चिडीचूप बसायची. आणि एक नियम, एल्डरने कधीही एकटं राहायचं नाही. सोबत दुसरा एल्डर हवाच, जोडीदार. झोपताना, जेवताना, भाजी आणताना, आजारी पडला तर उशाशी. "आणि तुझी बदली झाली तर?" बाबांनी विचारलं. बदली हा आमच्या दोन्ही घरांचा जिव्हाळ्याचा विषय. ताऊ म्हणाला, "बदली दर काही महिन्यांनी होतेच काका. पण मागे राहणाऱ्याला नवीन जोडीदार मिळाल्याशिवाय पहिला जात नाही. एकट्याला सोडायचं नाही, हा रूलच आहे." बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे चार्ज हँडओव्हर केल्याशिवाय रिलीव्ह होता येत नाही! अच्छा! मग हा धर्म बिल्कुल पद्धतशीर आहे." सरकारी माणसाकडून यापेक्षा मोठी पावती मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी ती काळी पट्टी त्याच्या खिशावरून उतरली, कारण मिशन संपलं होतं. पण सवय उतरली नाही. त्याला एकट्याने कुठे जाताच येईना. कोपऱ्यावर दही आणायला निघाला तरी आमची बेल वाजायची, मी दार उघडायचो आणि जिन्यातून आवाज यायचा, "मंदार, चलतोस का?" दही आणायला, केस कापायला, मुनिरकात झेरॉक्स काढायला, सगळीकडे मी. न्हावी त्याचे केस कापत असताना मी समोरच्या आरशात दिसलो नाही, तर तो मान वळवून बघायचा आणि न्हाव्याच्या शिव्या खायचा. कोचसाहेब आणि हरियाणवी पोरांना 'मंदार' म्हणता यायचं नाही, ते मला 'मंदिर' म्हणायचे. त्यामुळे कॉलेजात अशी घोषणा होऊ लागली, की ताऊ जित सै, मंदिर उत सै, म्हणजे जिथे ताऊ तिथे मंदिर. मॉर्मन माणसामागे फिरणारं मंदिर सबंध दिल्लीत मी एकटाच असेन.

खरी पंचाईत मैदानावर झाली. दोन वर्षं आम्ही ज्याची वाट बघत होतो, त्याने पहिल्याच दिवशी चेंडू हातात घेतला, रिंगकडे पाहिलं आणि पास दिला. परत आला, परत पास. रिंगखाली एकटा उभा, समोर कुणी नाही, तरी मान वळवून जोडीदार शोधतोय आणि पास देतोय! चिकट्याचा आता कर्ण झाला होता. आणि बहुतेक पास मला, म्हणजे ज्याच्याकडे पास देऊन काहीही उपयोग नाही अशा माणसाला. कुणाला धक्का लागला की "सॉरी", समोरच्याला अडवायचं तर दोन पावलं लांबून, अदबीने. शॉट मारायला लावला तर चेंडू बोर्डावर नुसता थडकायचा. आंध्रातल्या घराघरांतल्या भाताने अंगही चांगलंच धरलं होतं. कोचसाहेब डोक्याला हात लावून म्हणाले, "शूटर भेज्या था, डाकिया आ ग्या."

त्यात मोनूचं प्रकरण. मोनू सोनिपतचा, उंच, रागीट, ताऊच्या गैरहजेरीत त्याच्या जागेवर खेळणारा आणि आता ती जागा सोडायला अजिबात तयार नसलेला. तेलुगूत 'या' असं आदराने म्हणायला एक शब्द आहे. अतिशय सभ्य शब्द, पाहुण्याला म्हणतात. पण तोच शब्द दिल्लीत उच्चारला तर स्वतःचे दात ओंजळीत घेऊन घरी जावं लागतं. ताऊने भर सरावात, मोकळ्या जागेकडे हात करून, मोनूला मोठ्या प्रेमाने तो शब्द ओरडून सांगितला. मोनूने चेंडू खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि तो चालत आला. ताऊ सवयीने दोन पावलं मागे सरला, त्यामुळे पहिला ठोसा हुकला. मग आम्ही सगळे मधे पडलो आणि कोचसाहेबांनी आंध्र-हरियाणा तह घडवून आणला. ताऊ त्यानंतर जन्मभर पुरेल इतक्यांदा सॉरी म्हणाला.

गंमत जाऊ द्या, पण ताऊच्या गळ्याशी आलं होतं. कोट्याची सीट म्हणजे खेळण्याच्या बोलीवर मिळालेली सीट. कोचसाहेबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, मी शेजारी होतोच. "देख ताऊ, इंटर-कॉलेज की टीम में तेरा नाम आया तो सीट तेरी. नी आया, तो कॉलेज की छुट्टी. नियम मेरा कोनी, पर सै." म्हणजे एकविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तीही कुठे कोण जाणे. नगरचे नातेवाईक आधीच म्हणत होते, की देवाच्या नादी लागून बापाने पोराचं वाटोळं केलं. साळवेकाका यातलं काही बोलायचे नाहीत. पण रोज कार्यालयातून परतताना बस एक स्टॉप आधी सोडून ते मैदानाच्या जाळीबाहेर उभे राहायचे, हातात डब्याची पिशवी. ताऊचा शॉट हुकला की पिशवी या हातातून त्या हातात जायची. त्यांच्याकडे बघवत नसे.

ताऊ मात्र हुकण्याला घाबरत नव्हता, हे कबूल करायला पाहिजे. रोज सकाळी कॉलेज भरायच्या आधी आम्ही दोघं मैदानावर. तो मारायचा, हुकायचा, मी चेंडू आणून द्यायचो. "कंटाळा नाही येत तुला?" मी एकदा वैतागून विचारलं. तो म्हणाला, "अरे, दार आपटलं तरी एवढं कळतं ना, की माणूस घरात आहे. बस, उद्या परत जायचं." मी म्हणालो, "ही रिंग आहे ताऊ, तुझ्या आंध्रातली दार आपटणारी मावशी नाही." त्यावर तो हसला आणि पुढचाही हुकला. माझ्या मनात आलं, की या माणसाला नकार पचवायची इतकी सवय झाली आहे, की होकार कसा मिळवायचा हेच तो विसरला आहे.

मधेच मोनूला डेंग्यू झाला. तो मुनिरकात एका खोलीत राहायचा. जिना असा अरुंद, की दोघं समोरासमोर आले तर एकाने परत खाली उतरायचं. मला मनातून वाटलं, चला, आता ताऊची जागा मोकळी झाली. इतकंच नाही, तर तसं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. ताऊने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तेलुगूतला तो शब्द उच्चारला होता. "तो एकटा आहे ना तिकडे," एवढंच म्हणाला आणि मला घेऊन निघाला. ताप उतरेपर्यंत आम्ही रोज जात राहिलो. काकूंची मुगाची खिचडी, शहाळं, औषधं. ताऊने त्याचे कपडे धुतले, चादरी बदलल्या. मोनू पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. शेवटी एकदा त्याने विचारलं, "ताऊ, मन्नै भी धर्म बदलवावैगा के?" ताऊ म्हणाला, "नहीं भाई. पहले चादर बदल लेते हैं." मोनू इतका हसला की त्याला धाप लागली.

मोनू बरा होऊन परत आला आणि संघनिवडीचा दिवस ठरला. ठरला तो नेमका रविवार. ताऊ रविवारी खेळत नसे, तो दिवस देवाचा. तो मला घेऊन कोचसाहेबांच्या खोलीवर गेला, दार वाजवलं आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. दिवस बदलता येईल का, असं त्याने विचारताच कोचसाहेब भडकले. "तेरा भगवान एतवार नै भी हाज़री ले सै? एक दिन की छुट्टी मांग ले उस तै!" ताऊ मान खाली घालून म्हणाला, "सर, मग माझं नाव वगळा." चुकून मराठीत म्हणाला, पण त्यांना समजलं. मला इतका राग आला की वाटलं, याला धरून गदागदा हलवावं. सीट जाणार, जाळीबाहेर उभा असलेला बाप कोसळणार, आणि याचं आपलं रविवार! तेवढ्यात मागून मोनू आला. "सर, एतवार नै तो मैं भी कोनी आ सकता. मेरी बाहण की सगाई सै." आता दोन माणसं येणार नाहीत म्हटल्यावर कोचसाहेबांनी चरफडत निवड शनिवारी घेतली. मोनूला बहीण नाही, हे आम्हाला पुढे त्याच्या लग्नात कळलं.

शनिवारी सामना झाला, आपसातलाच. ताऊ आणि मी एका बाजूला, मोनू समोर, ताऊच्या अंगावर. मोनूने सगाईची थाप मारली असली तरी मैदानावर दयामाया दाखवली नाही. ताऊ पास देत राहिला, मी ते घालवत राहिलो. जाळीबाहेर पिशवी हात बदलत होती. संपत आलं तेव्हा ताऊ चेंडू घेऊन आत घुसला, मोनूला धडकला, "सॉरी" म्हणाला आणि सवयीने दोन पावलं मागे सरला. त्याने मान वळवून मला शोधलं. मी खाली वाकून बुटाची लेस बांधत होतो. माझ्या खेळातल्या आयुष्यात संघाच्या उपयोगी पडलेला हा एकमेव क्षण. जोडीदार नाही, पास द्यायला कुणी नाही. समोर मोनू धडकेने मागे कलंडलेला आणि मधे चांगली दोन पावलांची मोकळी जागा. ताऊने काय करावं? त्याने शॉट मारला. चेंडू रिंगला न शिवता जाळीतून उतरला. तो जुना आवाज, नुसतं 'सप्'.

कोचसाहेब कडेवरून किंचाळले, "ताऊ! फेर कर! घंटी बजा, अर पाच्छै हट!" ताऊला उमगलं. तो आत जायचा, मोनूला खांदा लावायचा, जणू काही बेल दाबतोय, दोन पावलं मागे सरायचा आणि मारायचा. मोनू पुढे झेपावेपर्यंत चेंडू हवेत. सगळे गेले असं नाही, पण जेवढे गेले तेवढे पुरेसे होते. शेवटी मोनू कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "ताऊ, दरवाज़ा खुल ग्या भाई, इब तो आ जा भीतर." जाळीबाहेर साळवेकाका खाली बसले होते. पिशवी मांडीवर, चष्मा हातात. मी धावत गेलो तर म्हणाले, "काही नाही रे, ऊन लागलं." नोव्हेंबर महिना होता.

संघात बारा नावं लागली. ताऊचं होतं, मोनूचं होतं आणि माझं नव्हतं. ताऊच्या दोन वर्षांच्या गैरहजेरीत उबवलेला बाक माझ्या हातून गेला, आणि तोही त्याच्याचमुळे. मला हसू आलं. माझी सीट गुणांवरची, मला काय धक्का! पण ताऊ परत कोचसाहेबांच्या दारात, दोन पावलं मागे. "सर, जोडीदार के बिना कैसे जाऊँ?" कोचसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "मंदिर, पाणी की बोतल पकड़ लेगा?" अशा रीतीने मी संघाचा पाणक्या झालो. आम्ही उपांत्य फेरीत हरलो, आणि चांगले सणसणीत हरलो. पण तो 'घंटीवाला शॉट' बाकीच्या कॉलेजांत बराच काळ गाजला. ताऊची सीट राहिली आणि पुढे रीतसर पदवी घेऊन तो बाहेर पडला.

मग व्हायचं तेच झालं. मोनू मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर झाला. मी आयटीत शिरलो आणि गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीत भाड्याने राहायला गेलो. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आईबाबा पुण्याला गेले. ताऊ दिल्लीतच एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला आणि रविवारी चर्च आटोपलं की मेट्रोने माझ्याकडे यायचा. माझ्या दाराला कॅमेऱ्याची बेल आहे. त्या कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रत्येकाचं नुसतं नाक दिसतं. डिलिव्हरीवाला, इलेक्ट्रिशियन, घरमालक, सगळ्यांची मी नाकं ओळखतो. डोक्यापासून पायापर्यंत अख्खा दिसायचा तो फक्त ताऊ.

दोन वर्षांमागे त्याचं लग्न ठरलं, विशाखापट्टणमच्या, त्यांच्याच चर्चमधल्या मुलीशी. नोकरीही तिकडेच मिळाली. जायच्या आधी शेवटचा आला तेव्हा सरबत पिता पिता त्याने विचारलं, "मंदार, तू रविवारी काय करणार आता?" मी म्हणालो, "झोपणार." "एकटाच?" "झोपायला अजून कुणी लागतं का ताऊ?" तो हसला नाही. घरभर नजर फिरवली त्याने. एक खुर्ची, एक लॅपटॉप, बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे. मी विषय बदलला. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. तो लिफ्टमध्ये शिरला, माझ्याकडे तोंड केलं आणि सवयीने दोन पावलं मागे सरला. पाठ धाडकन मागच्या आरशावर आपटली. आम्ही दोघंही हसत असतानाच दार मिटलं. मग मी घरात आलो आणि सरबताचे दोन पेले विसळले. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, की ताऊला एकट्याने राहता येत नाही म्हणून मी त्याच्याबरोबर फिरतो. त्या संध्याकाळी लक्षात आलं, की एकट्याने राहता येत नव्हतं ते मलाही. मला त्याची फार आठवण आली.

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. मी अंथरुणातूनच फोनवर कॅमेरा उघडला. नाक नव्हतं. दारापासून दोन पावलं मागे, डोक्यापासून पायापर्यंत अख्खा, अवघडून मोनू उभा होता. हातात तुपाचा डबा. त्याच्यासारख्या आडदांड माणसाला तसं उभं राहणं अजिबात जमत नव्हतं. कुणीतरी शिकवून पाठवलेलं दिसत होतं.

मी दार उघडलं. "तू? मानेसर से? क्या हुआ, सब ठीक है?"

"सब ठीक सै," मोनू म्हणाला. "ताऊ तेरा चार्ज मन्नै दे ग्या सै."

मी नुसता दारातून बाजूला झालो. मोनू आत आला, एकुलत्या एका खुर्चीत ऐसपैस बसला, आणि ताऊने इतक्या वर्षांत एकदाही जे मागितलं नव्हतं तेच त्याने पहिल्यांदा मागितलं. "चाय बणा भाई. कड़क."

मी ओट्याशी गेलो आणि दोन कपांचं आधण ठेवलं.